वामकुक्षी घेणारा माणूस शाईत कसा काढायचा

चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, स्मरणचित्रातली आपली सगळी माणसं उभी असायची. बस स्टॉपवर उभी, नळावर हंडा घेऊन उभी, फार तर एखादी भाजीवाली बसलेली. आडवं पडलेलं माणूस कोणी काढायचंच नाही. त्यामुळे पुढे लाइफ क्लासला (जिवंत माणूस समोर ठेवून चित्र काढायचा वर्ग) मॉडेल पहिल्यांदा गादीवर आडवं झालं तेव्हा मी काय केलं, तर नेहमीसारखं उभं माणूस काढलं आणि ते नव्वद अंशात फिरवलं. सर मागून आले, बघितलं, म्हणाले, "अगं हे झोपलेत कुठे, हे तर तरंगतायत." एवढंच बोलून पुढच्या ईझलकडे गेले.

तर हा सगळा लेख त्या तरंगण्याबद्दल आहे असं समजा. उभा माणूस सगळं वजन दोन तळव्यांवर पेलतो, आडवा झालेला माणूस तेच वजन डोकं, खांदा, बरगड्या, कंबर, मांडी, घोटा असं वाटून जमिनीला देऊन टाकतो. ते कुठे कुठे टेकलंय हे कागदावर दिसलं की चित्र जमलं, मग नाक थोडं वाकडं आलं तरी कोणी विचारत नाही. आणि शाई यासाठी की शाईला खोडरबर नाही, त्यामुळे रेघ मारायच्या आधी नीट बघावंच लागतं.

पहिली गोष्ट, मॉडेल

पैसे देऊन मॉडेल बोलवायची काही गरज नाही सुरुवातीला. आपल्याकडे रविवारी दुपारी वरण-भात-तूप झाल्यावर घराघरात मॉडेल आपोआप तयार होतं. वामकुक्षी म्हणजे शब्दशः डावी कूस, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं. म्हणजे पोज पण ठरलेली, वेळ पण ठरलेली, आणि मॉडेल वीस मिनिटं तरी हलत नाही. माझे बाबा बनियन-लुंगीत चटईवर पडतात, गेली कित्येक वर्षं तेच माझं मॉडेल.

पण विचारून काढा हं, घरचं माणूस असलं तरी. झोपलेल्या माणसाला आपण कसे दिसतोय हे माहीत नसतं, त्यामुळे "बाबा, तुम्ही झोपल्यावर चित्र काढू का?" एवढं आधी विचारायचं. आमच्याकडे उत्तर होतं, "काढ, पण पोट कमी दाखव." आणि पुढे कधी खऱ्या लाइफ सेशनला गेलात तर मोबाइल बॅगेतच ठेवायचा, फोटो अजिबात नाही, मॉडेलला हात लावून पोज नीट करायची नाही, काही हवं असेल तर तोंडाने सांगायचं. मधला ब्रेक झाला की मॉडेल परत त्याच जागी यावं म्हणून कोपर, टाच वगैरेच्या जागी गादीवर खडूने किंवा टेपने खुणा करून ठेवतात, ही आयडिया घरी पण वापरता येते.

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. वरून सगळीकडे सारखा प्रकाश पडला की शरीर पापडासारखं सपाट दिसतं. एका बाजूची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे वरची कड उजळ आणि खालची बाजू अंधारी, अर्धं काम तिथेच होतं.

सामान

फार काही लागत नाही पण जे लागतं ते नीट घ्या. कागद जाड हवा, निदान १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये) कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद, आणि वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा ब्रश, मारायचा असेल तर ३०० जीएसएम. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, रेघेला केस येतात. पावसाळ्यात तर चांगला कागदसुद्धा दमट होतो आणि तोच प्रकार होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवायचे, बाहेर टेबलावर नाही.

पेन म्हणाल तर टाक आणि निब, किंवा पिग्मेंट लायनर (तयार शाईचे बारीक टोकाचे पेन) ०.१, ०.३, ०.५ मिमी असे तीन. लायनर सोपा आहे, सांडत नाही, ट्रेनमध्ये पण चालतो, पण त्याची रेघ सगळीकडे एकाच जाडीची येते, आणि आपल्याला वजन दाखवायचंय, म्हणजे जाड-बारीक रेघ हवी. म्हणून मी टाकाच्या बाजूने आहे. निब नवीन असताना तिच्यावर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई तिच्यावर धरतच नाही, थेंब होऊन घसरते, आणि नवशिक्याला वाटतं निब खराब आहे. भांड्याच्या साबणाने धुवा नाहीतर बटाट्यात दोन मिनिटं खुपसून ठेवा, बटाट्याची युक्ती गंमत वाटते पण चालते.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या, काळी. फाउंटन पेनची शाई पाण्याने विरघळते, वरून वॉशचा ब्रश फिरवला की सगळी चिखल होते (कधी कधी मुद्दाम तसं करतात, छान राखाडी येतो, पण ते नंतर). आणि उलटं पण लक्षात ठेवा, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरायची नाही, तिच्यात लाखेसारखं चिकट द्रव्य असतं, सुकलं की पेन कायमचं बसतं. आपल्याकडे शाई म्हटलं की कॅमलच आठवतं आणि ते बरोबरच आहे, कॅम्लिनची सुरुवातच १९३१ मध्ये दांडेकरांनी शाईपासून केली, हॉर्स ब्रँड नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायचे.

फुकटातलं हत्यार हवं असेल तर खराट्याची एक काडी मोडून घ्या, टोक ब्लेडने तिरकं कापा, शाईत बुडवा. जुन्या काळचा बोरू असाच तिरका कापलेला असायचा, फक्त मध्ये एक चीर द्यायचे म्हणजे शाई हळूहळू, सारखी उतरते. काडीला चीर नसल्यामुळे रेघ जाड सुरू होते आणि चारेक इंचात कोरडी पडते, खरखरीत होते, आणि ती कोरडी रेघ पाठीच्या उजेडातल्या बाजूला इतकी मस्त दिसते की मुद्दाम काढायला गेलं तर येणार नाही.

आणि हो, शाईची बाटली एखाद्या जुन्या वाटीत ठेवा, वाटीत कापड कोंबून घट्ट बसवा. मी नाही ठेवली एकदा, आईची नवी सोलापुरी चादर गेली. वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ, साबण-लिंबू-दूध सगळं करून झालं.

आता बघायचं कसं

पेन लगेच उचलू नका. पाच मिनिटं नुसतं बघा आणि मनात एकच यादी करा, शरीर कुठे कुठे टेकलंय. बाबांचं उदाहरण घेते. डाव्या कुशीवर, डावा हात दुमडून डोक्याखाली, उजवा हात पोटापुढून चटईवर पडलेला, गुडघे थोडे वाकलेले. टेकलेल्या जागा म्हणजे डावं कोपर, डाव्या खांद्याची बाजू, बरगड्यांचा थोडा भाग, कमरेचं हाड, मांडीची बाहेरची बाजू, डावा गुडघा, घोटा. आणि न टेकलेली एकच मोठी जागा, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधली, तिथे चटई आणि अंग यांच्यात फट असते, अंधारी. नवशिके ती फट बुजवून टाकतात आणि माणूस ओंडका होतो. लठ्ठ माणसाची फट दिसणार नाही कदाचित, कारण पोट खाली ओघळून चटईला टेकलेलं असतं, मग ते टेकलेलं दाखवा. बाबांना काहीही वाटो.

आता वरची कड बघा. जमिनीवर बसून बघितलं तर डोंगररांगच दिसते, खांद्याचा डोंगर, मग कमरेची खिंड, मग नितंबाचा डोंगर आणि तिथून पायापर्यंत लांब उतार. पुरुषाचा बहुतेक वेळा खांदा उंच येतो, बाईचा नितंब. ही कड एका दमात बघायची, डोक्यापासून टाचेपर्यंत डोळा फिरवायचा, तीनचार वेळा. हवेत बोट फिरवलं तरी चालेल, घरचे हसतात तेवढंच.

वजन म्हणजे काय हे दगडात बघायचं असेल तर अजिंठ्याला २६ नंबरच्या लेण्यात जा. महापरिनिर्वाणाचा बुद्ध, जवळजवळ सात मीटर लांब, उजव्या कुशीवर, उजवा हात गालाखाली. आपल्या वामकुक्षीच्या बरोबर उलटी कूस. तिथे बहुतेक लोक चेहरा बघून, फोटो काढून पुढे जातात, तुम्ही पायांपासून सुरुवात करा आणि कडेकडेने डोक्याकडे या. श्रीलंकेत पोलोन्नरुवाला गल विहार म्हणून आहे, तिथला बाराव्या शतकातला आडवा बुद्ध तर चौदा मीटरच्या आसपास, आणि त्याच्या डोक्याखालची दगडी उशी दबलेली कोरलीय. दगड दबलाय! एवढ्या एका खळग्याने ते डोकं जड झालंय. तुमच्या चित्रात उशी असेल तर हीच गोष्ट करायची, उशीची वरची रेघ डोक्याखाली खाली घ्यायची आणि दोन बाजूंना फुगवायची, आणि उशीच्या चुण्या डोक्याकडे ओढलेल्या दाखवायच्या.

हात सैल करणं

एकदम फायनल चित्राला हात घालू नका. जुन्या वर्तमानपत्रावर किंवा रद्दी कागदावर एक-एक मिनिटाची दहा चित्रं काढा, नुसती कणा आणि पायाची रेघ. डोकं म्हणजे लंबगोल, बरगड्या म्हणजे अंडं, कंबर म्हणजे खोकं, बास. यात एक गोष्ट पकडायची, खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ कुठल्या दिशेला कललीय. झोपलेला माणूस क्वचितच सरळ असतो, खांदे छताकडे वळलेले आणि कंबर भिंतीकडे, असा पीळ असतो, ओला पंचा पिळताना असतो तसा. तो पीळ एक मिनिटात आला नाही तर दोन तासांतही येणार नाही. झोपेत बाबा वळले तर चिडू नका, त्याच कागदावर बाजूला नवीन सुरू करा. माणूस झोपेत फिरून फिरून त्याच दोनतीन पोजमध्ये येतो, दहा मिनिटांनी पहिलं अर्धवट चित्र पूर्ण करता येतं.

पेन्सिल, पण कमी

पेन्सिल २एच, अगदी हलक्या हाताने. आधी जमिनीची रेघ नाही, जमिनीचा तुकडा काढा, म्हणजे चटईचे चारही कोपरे. चटई आधी पसरा मग माणूस झोपवा, घरी करतो तसंच. चटई बरोबर पर्स्पेक्टिव्हमध्ये (जवळचं मोठं, लांबचं लहान) बसली की शरीर कुठे टेकणार ते आपोआप कळतं.

मग मापं. हात लांब सरळ, एक डोळा बंद, पेन्सिलवर डोक्याची लांबी धरायची. उभं माणूस साधारण साडेसात डोकी असतं, पण आडव्या माणसाला हा हिशोब डोळे झाकून लावू नका, तो फक्त माणूस तुमच्यासमोर बरोबर आडवा आणि पाय सरळ असला तरच लागू पडतो. गुडघे वाकले की लांबी कमी, थोडंसं तिरकं बसलात की आणखी कमी. त्यापेक्षा दोनच मापं उपयोगी. पाऊल साधारण मनगटापासून कोपरापर्यंतच्या लांबीचं असतं, आणि हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत. नवशिक्यांचे हात-पाय नेहमी लहान येतात, माझे अजूनही येतात.

फोटोवरून काढणार असाल तर मोबाइल जवळ नेऊन फोटो काढू नका, जवळचे पाय राक्षसासारखे आणि डोकं लिंबाएवढं येतं. लांब जा आणि झूम करा.

पायाकडून बघणं

हा अवघड प्रकार आहे, पहिल्या महिन्यात टाळला तरी चालेल. मॉडेलच्या पायाशी बसलात तर तळवे समोर, मागे मांड्या एकदम आखूड, पोटाचा उंचवटा, आणि हनुवटीच्या खालून दिसणारं तोंड. मेंदू सतत सांगत राहतो की पाय लांब असतो, पाय लांब असतो, आणि आपण लांब काढतो. उपाय एकच, पाय म्हणून बघू नका, एकामागे एक ठेवलेल्या उशा म्हणून बघा, पुढची उशी मागचीला झाकते. मान्तेन्या या इटालियन चित्रकाराचं मृत ख्रिस्ताचं चित्र, मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं, याच कोनातलं आहे, आणि तिथे त्याने पावलं खऱ्या पर्स्पेक्टिव्हपेक्षा लहान ठेवलीत असं मानतात, नाहीतर पावलांमागे बाकी सगळं झाकलं गेलं असतं. म्हणजे पंधराव्या शतकातल्या उस्तादाने पण थोडी लबाडी केलीय, आपण केली तर काय.

शाई

आता मुख्य काम. पेन्सिलची रेघ गिरवू नका. गिरवलेली रेघ ओळखू येते, थरथरते, मेलेली असते. पेन्सिल फक्त जागा सांगायला आहे, शाईची रेघ मॉडेलकडे बघून नव्याने मारायची, पेन्सिलपासून जरा इकडेतिकडे गेली तरी हरकत नाही.

क्रम महत्त्वाचा. जे सगळ्यात पुढे आहे ते आधी. बाबांचा उजवा हात पोटापुढे आहे तर आधी हात, मग त्याच्या मागचं पोट, मग पाठ. पेन्सिलमध्ये उलटं चालतं कारण मागची रेघ खोडता येते, शाईत पोटाची रेघ आधी मारलीत तर ती हातातून आरपार जाईल आणि हात काचेचा होईल. मी याच चुकीने किती कागद घालवले ते सांगत नाही.

निब नेहमी स्वतःकडे किंवा बाजूला ओढायची, पुढे ढकलायची नाही, ढकलली की टोक कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात. रेघेची दिशा अडचणीची असेल तर कागद फिरवा, हात वाकडा करू नका. दाब दिला की निबेच्या दोन पाती फाकतात, रेघ जाड होते, दाब काढला की बारीक. आणि हाच तो दाब, जिथे शरीर टेकलंय तिथे द्यायचा. कोपर, कमरेचं हाड, मांडी, टाच, खाली जाड काळी रेघ. वरची कड, जिच्यावर खिडकीचा उजेड पडलाय, ती एकदम बारीक, आणि दोनतीन ठिकाणी चक्क तोडून टाका, खांद्याच्या माथ्यावर रेघच नको. बघणाऱ्याचा डोळा ती जोडून घेतो. टेकलेल्या जागी अंग थोडं चपटं होतं, तिथे गोल रेघ मारू नका, सपाट करा, आणि चपटं झालेलं मांस बाजूला थोडं फुगतं ते पण दाखवा.

लुंगी-साडी-गाऊन असेल तर सगळ्या चुण्या काढत बसू नका. कापड कुठून ताणलंय ते बघा, गुडघा, नितंब, खांदा, चुण्या तिथूनच निघतात. तेवढ्या पाचसहा पुरे, बाकी कापड कोरं ठेवा. बाबांच्या लुंगीच्या चौकडी मात्र मी नेहमी थोड्या काढते, कारण चौकडीची रेघ मांडीवरून वळते तेव्हा मांडी गोल आहे हे फुकटात कळतं.

सावली देताना पण तोच विचार. हातावर बांगड्या घातल्यात अशी कल्पना करा, कोपरापासून खांद्यापर्यंत. प्रत्येक बांगडी लंबगोल दिसते, हात तुमच्याकडे येत असेल तर एका बाजूला वळलेली, लांब जात असेल तर दुसऱ्या. तुमच्या हॅचिंगच्या, म्हणजे सावलीसाठी शेजारी-शेजारी मारायच्या, रेघा म्हणजे त्या बांगड्यांचे तुकडे. पायाला, पोटाला, पाठीला सगळीकडे अशाच बांगड्या. सरळ तिरक्या रेघा एकाच दिशेने मारल्या तर सावली पडते पण शरीर सपाट राहतं. क्रॉस-हॅचिंग (त्या रेघांवर दुसऱ्या दिशेने रेघा) करायचं असेल तर पहिल्या रेघा सुकू द्या, ओल्यावर ओली रेघ गेली की डाग. आपल्या गोव्याच्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची पेनची ड्रॉइंग्ज बघा, कसल्या कडक, निर्दय रेघा आहेत, क्रॉस-हॅचिंग तर काटेरी कुंपणासारखं. तसं काढा असं नाही म्हणत, पण रेघ घाबरलेली नसली की काय होतं ते कळतं.

ब्रशने वॉश मारायचा असेल तर तीन वाट्यांत दोन-दोन चमचे पाणी घ्या, एकीत शाईचा एक थेंब, दुसरीत चार, तिसरीत दहाबारा. तीनच टोन, चौथा करू नका. सहा किंवा आठ नंबरचा गोल ब्रश. आधी रद्दी कागदावर लावून बघा, सुकल्यावर फिकट होतो. सगळ्यात गडद टोन शरीरावर नाही, शरीराखाली, त्या फटीत आणि चटईवरच्या सावलीत. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६५४ च्या सुमाराचं झोपलेल्या बाईचं ड्रॉइंग आहे, हाताच्या घडीवर डोकं टेकवलेली, ब्रिटिश म्युझियममध्ये असतं, ते शोधून बघा. तपकिरी शाई आणि ब्रश, मोजून थोडेसे फटकारे, बाकी कागद तसाच. मी ते छापून टेबलासमोर चिकटवलंय, चित्रात जास्त भरायला लागले की वर बघते.

बिघडलं तर

बिघडणार. चुकीची रेघ जाडी करून लपवायला जाऊ नका, ती जास्त दिसते. शेजारी बरोबर रेघ मारा आणि चुकीची तशीच राहू द्या, जुन्या उस्तादांच्या ड्रॉइंगमध्ये दोन-दोन कोपरं दिसतात. थेंब पडला तर पुसू नका, टिपकागदाचं टोक नुसतं टेकवा, शाई शोषली जाते. जाड कागदावर वाळलेला डाग नव्या ब्लेडने हळूच खरवडता येतो. पांढरा पोस्टर कलर अगदी शेवटचा उपाय, तो कागदावर वेगळाच दिसतो. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे काम करा आणि तळहाताखाली कोरा कागद धरा, उजव्यांनीही धरा, घामाने कागद तेलकट होतो आणि तिथे शाई धरत नाही.

पेन्सिल खोडायची घाई नको. शाई बोटाला सुकी लागली तरी आत ओली असू शकते, मी रात्रभर ठेवते, पावसाळ्यात दोन दिवस. मग मऊ खोडरबर, हलक्या हाताने, नाहीतर काळेपणा पण उतरतो.

आणि निब लगेच धुवा, चित्र बघत बसायच्या आधी. पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासायची, फडक्याने कोरडी करायची, ओली ठेवली तर गंजते. माझं हे सगळं होईपर्यंत चार वाजतात, स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येतो आणि मॉडेल डोळे चोळत उठून पहिलं काय विचारतं, तर पोट किती काढलंस.